'निर्जीव' या शब्दाचे काय करायचे?

मराठी समीक्षेच्या व्यवहारात 'माती' या शब्दाइतका हुकमी शब्द दुसरा क्वचितच असेल. लेखक 'मातीतला' असतो, त्याची 'मातीशी नाळ' जुळलेली असते, त्याच्या कवितेला 'मातीचा गंध' असतो. आणि ज्याच्याबाबतीत यांपैकी काहीच म्हणता येत नाही तो 'उपरा' ठरतो. बोलभाषेत मात्र हाच शब्द नेमका उलट्या अंगाने चालतो. आयुष्याची माती झाली म्हणजे ते संपले, मातीमोल म्हणजे कवडीमोल, मातीत गेले म्हणजे वाया गेले. एकीकडे गौरव, दुसरीकडे हेटाळणी. दोन्हींत समान गोष्ट एकच, ती ही की माती ही माणसाविषयी काहीतरी बोलण्याची सोय आहे. ती स्वतः काय आहे, तिच्यात कोण राहते, हा प्रश्न समीक्षेलाही पडत नाही आणि वाक्प्रचारांनाही पडत नाही. तो प्रश्न आम्हांला येथे विचारायचा आहे, आणि तोही मातीतल्या एका अशा रहिवाशाच्या निमित्ताने, ज्याची संख्या प्रचंड आहे पण साहित्यात ज्याचा उल्लेख जवळजवळ शून्य आहे. त्याचे मराठी नाव सूत्रकृमी.

नाव शब्दशः घ्यावे असेच आहे. ग्रीक भाषेत 'नेमा' म्हणजे धागा. त्यावरून 'नेमॅटोड', आणि त्यावरून आपला सूत्रकृमी. मातीत राहणारे बहुतेक सूत्रकृमी एक मिलिमीटरच्या आगेमागे लांबीचे, पारदर्शक आणि सुतासारखे बारीक असतात, म्हणून हातात ढेकूळ घेतले तरी दिसत नाहीत. ते मातीत राहतात असे म्हणतो खरे, पण काटेकोर बोलायचे तर ते पाण्यात राहतात. मातीच्या कणांभोवती ओलाव्याचा जो अतिपातळ पडदा असतो त्यात ते पोहतात. २०१९ साली 'नेचर' या नियतकालिकात जगभरातल्या साडेसहा हजारांहून अधिक मृदानमुन्यांवर आधारलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. जमिनीच्या वरच्या १५ सेंटिमीटर थरात असलेल्या सूत्रकृमींची संख्या त्यात ४४ वर १९ शून्ये एवढी अंदाजली आहे. दर माणसामागे सुमारे ५,७०० कोटी. त्यांचे एकूण वजन सुमारे ३० कोटी टन, म्हणजे पृथ्वीवरच्या सर्व माणसांच्या एकत्रित वजनाच्या सुमारे चार-पंचमांश. जमिनीवरच्या दर पाच प्राण्यांपैकी चार सूत्रकृमी असावेत असा हिशोब त्यातून निघतो.

त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट आम्हांला संख्येपेक्षा अधिक विचारात पाडणारी वाटली. या सूत्रकृमींची सर्वाधिक दाटी आढळली ती उत्तर ध्रुवालगतच्या थंड, उजाड वाटणाऱ्या मुलखात. एकूण संख्येच्या ३८ टक्के तेथे, तर उष्ण कटिबंधात २१ टक्के. जिथे हिरवळ दाट तिथे जीवन दाट, हे आपल्या कल्पनेचे ठरलेले गणित इथे लागू पडत नाही. थंडीमुळे तेथे पालापाचोळा पुरता कुजत नाही, सेंद्रिय कर्ब शतकानुशतके साचत राहतो, आणि त्यावर वाढणाऱ्या जिवाणूंवर आणि बुरशींवर सूत्रकृमींचे पोट भरते. दर्शनी ओसाडपणा आणि आतली वस्ती यांचा परस्परांशी काही संबंध असेलच असे नाही.

मराठी माणसाची या जीवाशी ओळख नाही असे मात्र म्हणता येणार नाही. ओळख जुनी आहे आणि ती वैराची आहे. पोटातले जंत हे सूत्रकृमींचेच गोत्र. पायऱ्यांच्या विहिरीतून ज्याची बाधा होत असे आणि पायातून जो काडीवर गुंडाळून इंच इंच बाहेर काढावा लागे तो नारू हाही सूत्रकृमीच. भारतातला त्याचा शेवटचा रुग्ण १९९६ साली नोंदला गेला आणि २००० साली देश नारूमुक्त जाहीर झाला. हत्तीरोग देणारा जीवही याच वंशातला. शेतात पाहावे तर डाळिंबाच्या, वांग्याच्या, टोमॅटोच्या मुळांवर ज्या गाठी येतात त्यांचा कर्ता 'मूळगाठ सूत्रकृमी'. भारतात त्याची नोंद १९०१ साली बार्बर यांनी दक्षिणेतल्या चहाच्या मुळांवर केली. म्हणजे आपल्या भाषेत हा शब्द जेव्हा जेव्हा आला तेव्हा तो 'प्रादुर्भाव', 'बंदोबस्त', 'नियंत्रण', 'नायनाट' अशा शब्दांच्या सोबतीने आला. शेतीविषयक मराठी मजकूर चाळून पाहावा, याखेरीज तो क्वचितच भेटेल. संतवाङ्मयातही कृमी हा चौऱ्यांशी लक्ष योनींच्या उतरंडीत तळाशी असलेला, जन्माच्या हीनतेचा दाखला म्हणून येणारा जीव. यात कोणाची चूक काढण्याचा आमचा हेतू नाही. ज्याने छळले त्याचेच नाव भाषेत आधी येते. ज्यांनी छळले नाही ते निनावी राहतात.

आणि न छळणारेच बहुसंख्य आहेत. मातीतल्या सूत्रकृमींची विभागणी अभ्यासक त्यांच्या तोंडाच्या घडणीवरून करतात. जिवाणू खाणारे, बुरशी खाणारे, वनस्पतींच्या मुळांतून रस शोषणारे, इतर सूक्ष्म प्राण्यांची शिकार करणारे आणि मिळेल ते खाणारे, असे ढोबळ पाच गट आहेत. मुळांवर जगणाऱ्यांच्या तोंडात पोकळ सुईसारखा भाला असतो. शिकाऱ्यांच्या तोंडात दात असतात. जिवाणू खाणाऱ्याचे तोंड नुसती नळी असते. वैर फक्त मुळांवाल्यांशी, आणि त्यांच्यातल्याही थोड्यांशी. जिवाणू खाणाऱ्यांचे काम तर असे आहे की ते थांबले तर पिकांचीच उपासमार व्हावी. जिवाणूच्या शरीरात नत्राचे प्रमाण सूत्रकृमीच्या गरजेपेक्षा जास्त असते. म्हणून तो जिवाणू खातो आणि जास्तीचे नत्र अमोनियमच्या रूपाने बाहेर टाकतो. ते मुळांना लगेच घेता येते. जिवाणूंच्या देहात अडकून पडलेले नत्र सोडवून पुन्हा झाडाच्या हवाली करण्याचे हे काम आपल्या पायाखाली अहोरात्र चालते. शेणखत 'लागू पडते' असे शेतकरी म्हणतो, त्या लागू पडण्यात या जीवाचाही वाटा असतो.

साहित्याच्या विद्यार्थ्यांना रस वाटावा अशी एक गोष्ट येथे सांगायला हवी. १९९० साली टॉम बाँगर्स या डच अभ्यासकाने सूत्रकृमींच्या कुळांना एक ते पाच अशी श्रेणी दिली. एक म्हणजे अन्न दिसताच भराभर पैदास करणारे, उलथापालथीला न घाबरणारे; पाच म्हणजे संथ वाढणारे, थोडी पिल्ले देणारे, जमिनीला धक्का लागला की नाहीसे होणारे. मूठभर मातीतल्या सूत्रकृमींची या श्रेणीनुसार सरासरी काढली की त्या जमिनीवर काय गुदरले आहे याचा अंदाज बांधता येतो. नुकतीच नांगरलेली, खताने भरलेली किंवा विषाने पोळलेली जमीन खालचे आकडे दाखवते. वर्षानुवर्षे कोणी न छेडलेले गवताळ रान वरचे. जमिनीचा इतिहास तिच्यातल्या रहिवाशांच्या यादीत लिहिलेला असतो, आणि ती यादी वाचणारी एक शिस्त जगात आहे. आपण ज्याला संहितेचे सूक्ष्म वाचन म्हणतो त्याहून ही शिस्त कमी कष्टाची नाही. एकेका जातीची ओळख पटवायला सूक्ष्मदर्शकाखाली तोंड, शेपूट आणि अन्ननलिकेचा आकार तासन्‌तास न्याहाळावा लागतो.

आता शीर्षकातल्या शब्दाकडे येतो. डिसेंबर १९०३ मध्ये कॅप्टन रॉबर्ट स्कॉट आणि त्यांचे दोन सहकारी अंटार्क्टिकातल्या एका विचित्र दरीत उतरले. आजूबाजूला हजारो मैल बर्फ, आणि ही दरी मात्र कोरडी. नुसते दगड, वाळू आणि वारा. तिला पुढे टेलर दरी असे नाव मिळाले. मॅकमर्डो कोरड्या दऱ्या म्हणून ओळखल्या जाणाऱ्या प्रदेशाचा ती भाग आहे. तेथे एकही सजीव, अगदी शेवाळ किंवा दगडफूलही दिसले नाही, असे स्कॉट यांनी आपल्या प्रवासवर्णनात नोंदवले आणि दरीला मृतांची उपमा दिली. उपमा प्रभावी होती, त्यामुळे ती टिकली. पुढे सात दशकांनी, मंगळावर जीवन शोधण्याची तयारी करणाऱ्या अमेरिकी शास्त्रज्ञांनी याच दऱ्यांतली माती तपासली तेव्हा त्यांच्यापैकी काहींनीही ती जागोजागी निर्जंतुक असल्याचा निर्वाळा दिला.

१९८९ पासून डायना वॉल आणि रॉस व्हर्जिनिया यांनी तीच माती निराळ्या पद्धतीने पाहायला सुरुवात केली. त्यांनी जिवाणूंऐवजी प्राण्यांचा शोध घेतला. माती पाण्यात घोळवून, साखरेच्या द्रावणात तरंगवून जे हलके ते वेगळे काढले. बहुसंख्य नमुन्यांत सूत्रकृमी निघाले. वर्षाची सरासरी शून्याखाली १८ अंशांच्या आसपास, पाऊस म्हणून काही नाहीच, जे हिम पडते त्यातले बरेचसे वितळण्याआधीच हवेत उडून जाते, मातीत मीठ. आणि अशा ठिकाणी एका जातीची सत्ता. तिचे नाव स्कॉटनेमा लिंडसेई. ज्या दरीला स्कॉट यांनी मृत म्हटले तेथल्या सर्वांत यशस्वी प्राण्याच्या नावात 'स्कॉट' आहे. इतका चोख उपरोध एखाद्या कादंबरीकाराने योजला असता तर आम्ही त्याला कृत्रिम म्हटले असते. हा जीव जिवाणू आणि किण्वे खातो, खारट-कोरडी माती पसंत करतो आणि त्याची एक पिढी पुरी व्हायला एक उन्हाळा पुरत नाही.

या कथेतला आम्हांला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग मात्र पुढे आहे. काही नमुन्यांत खरोखरच काही निघाले नाही. मीठ फार झाले, ओलावा पुरता संपला की सूत्रकृमीही हरतात. म्हणजे 'सर्वत्र जीवन आहे' हे गोड वाक्यही खोटेच. 'निर्जीव' हा शब्द बाद करावा असे आमचे म्हणणे नाही. तो कमवावा लागतो, एवढेच म्हणणे आहे. स्कॉट यांच्या लेखणीत तो पहिल्या नजरेचा उद्‌गार होता; वॉल यांच्या नोंदवहीत तो शोधाअंती काढलेला निष्कर्ष झाला. शब्द तोच राहिला, पण त्याचे वजन बदलले. आपल्या लेखनात, विशेषतः दुष्काळाच्या, माळाच्या, वाळवंटाच्या वर्णनांत, तो जवळजवळ नेहमी पहिल्या प्रकारचा असतो.

या शब्दाची पंचाईत इथेच संपत नाही. 'सजीव' आणि 'निर्जीव' या जोडीच्या मधोमध बसणारी एक अवस्था सूत्रकृमींनी आपल्यासमोर ठेवली आहे. १७४३ साली नीडहॅम यांनी रोगट गव्हाचे काळे, वाळके दाणे फोडले. आत पांढऱ्या तंतूंचा भुगा होता. त्यावर पाण्याचा थेंब पडताच तंतू वळवळू लागले. तेव्हापासून अडीचशेहून अधिक वर्षे हा प्रकार अभ्यासला जात आहे. ओलावा हळूहळू कमी होऊ लागला की अनेक सूत्रकृमी स्प्रिंगसारखे वेटोळे करतात, शरीरातले जवळजवळ सगळे पाणी सोडून देतात आणि पेशींतली त्याची जागा ट्रेहॅलोज या शर्करेने भरून काढतात. मग श्वसन नाही, पचन नाही, वाढ नाही, म्हातारपणही नाही. याला 'ॲनहायड्रोबायोसिस', म्हणजे पाण्यावाचूनचे जगणे, म्हणतात. आणि अशा सर्व अवस्थांसाठी डेव्हिड कायलिन यांनी १९५९ साली 'क्रिप्टोबायोसिस', लपलेले जीवन, हा शब्द रूढ केला. मराठीत आपण याला 'सुप्तावस्था' म्हणू पाहतो, पण ते बरोबर नाही. सुप्त प्राणी श्वास घेतो. 'धुगधुगी' हा आपला सुंदर शब्द, पण धुगधुगी म्हणजे थोडे तरी चालू असणे, आणि इथे मोजण्याजोगे काहीच चालू नसते. फक्त परतीची वाट मोडलेली नसते. या अवस्थेला मराठी शब्द हवा आहे. परिभाषेच्या समितीने तो पाडण्याची वाट न पाहता कवींनी प्रयत्न करायला हरकत नाही.

या अवस्थेची मर्यादा किती याचे उत्तर सायबेरियाने थक्क करणारे दिले. कोलिमा नदीकाठच्या गोठलेल्या जमिनीत सुमारे ४० मीटर खोलीवर खारीच्या कुळातल्या एका प्राण्याचे प्राचीन बीळ सापडले. त्यातल्या मातीतून निघालेले सूत्रकृमी प्रयोगशाळेत हलले आणि पिल्लेही देऊ लागले. २०२३ साली त्यांचे वर्णन पॅनाग्रोलायमस कोलिमाएन्सिस या नव्या जातीच्या नावाने प्रसिद्ध झाले. सोबतच्या वनस्पतिअवशेषांच्या कार्बन-मापनावरून त्यांचे वय ४६,००० वर्षे ठरवले गेले. २०१८ साली याच संशोधनाची पहिली बातमी आली तेव्हा नमुन्यात आजचे सूत्रकृमी मिसळले असावेत अशी शंका काही अभ्यासकांनी घेतली होती, हेही नमूद करायला हवे. पण शंका वयाविषयी होती. पाणी सोडून आणि गोठून पुन्हा उठण्याच्या क्षमतेविषयी कोणालाच शंका नव्हती. आणि ही क्षमता केवळ ध्रुवांवरच्या अद्‌भुत जीवांची नव्हे. कोरडा ऋतू असलेल्या प्रदेशांतल्या सामान्य शेतजमिनीतही अनेक जाती याच मार्गाने उन्हाळा काढतात. टोकाचे पर्यावरण म्हटले की आपण अंटार्क्टिकाकडे पाहतो. वैशाखातल्या उघड्या रानाचा वरचा चार बोटे थर एक मिलिमीटरच्या प्राण्याच्या बाजूने पाहिला तर तोही टोकाचाच आहे.

टोकाच्या जागा आणि त्यांतल्या जीवांची नावे हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. येथे दोनच उदाहरणे. दोन्ही ठिकाणे मातीची नव्हेत, खडकातल्या आणि सरोवरातल्या पाण्याची आहेत, पण प्रश्न तोच आहे. २०११ साली दक्षिण आफ्रिकेतल्या बिएट्रिक्स सोन्याच्या खाणीत, जमिनीखाली १.३ किलोमीटरवर, खडकाच्या भेगेतल्या पाण्यात अर्ध्या मिलिमीटरचा एक सूत्रकृमी सापडला. इतक्या खोलवर बहुपेशीय प्राणी असेल अशी कोणाची अपेक्षा नव्हती. पाणी हजारो वर्षे पृष्ठभागापासून तुटलेले, तापमान ३७ अंश. शोधकांनी त्याला नाव दिले हॅलिसेफॅलोबस मेफिस्टो; फाउस्टच्या कथेतल्या, प्रकाशाचे वावडे असलेल्या सैतानावरून. नाव देणारे वाचणारे लोक होते याचा आम्हांला आनंद आहे. तरीही जमिनीखाली म्हणजे नरक हे समीकरण त्यांच्या परंपरेचे आहे, ते जीवशास्त्राचे नव्हे. विष्णुपुराणात नारद पाताळ पाहून येतो आणि ते स्वर्गाहूनही रमणीय असल्याचे देवांना सांगतो. या परंपरेतल्या माणसाच्या हाती तो जीव लागला असता तर नाव कदाचित वासुकीचे पडले असते.

दुसरे उदाहरण अमेरिकेतल्या ग्रेट सॉल्ट लेकचे. समुद्रापेक्षा कितीतरी खारट असलेल्या या सरोवरात क्षारकोळंबी आणि क्षारमाशी हे दोनच प्राणी टिकतात असे मानले जाई. २०२४ साली तेथल्या जिवाणूंनी रचलेल्या दगडी थरांत सूत्रकृमी आढळल्याचे जाहीर झाले. नव्या जातीचे बारसे करताना संशोधकांनी त्या भूमीचे मूळ रहिवासी असलेल्या शोशोनी लोकांतल्या वडीलधाऱ्यांना विचारले, आणि त्यांच्या भाषेतला 'किडा' या अर्थाचा शब्द 'वोआबी' नावात आला. यात सैतान किंवा सेनापती नाही, साधा किडा आहे, पण तो तिथल्या भाषेतला. आम्हांला हे नामकरण मेफिस्टोपेक्षा अधिक सुसंस्कृत वाटते.

आता 'मातीच्या गंधा'विषयी. विंदा करंदीकरांच्या १९५४ सालच्या संग्रहाचे नावच 'मृद्‌गंध' आहे, आणि पहिल्या पावसाचा वास हा मराठी कवितेचा लाडका अनुभव आहे. त्या वासाचे मुख्य द्रव्य जिओस्मिन; ते मातीतले स्ट्रेप्टोमायसिस या गटातले जिवाणू तयार करतात. ते का तयार करतात याचा शोध अलीकडे लागू लागला आहे. २०२० साली दिसले की या वासाने स्प्रिंगटेल नावाचे बारीक, उडीबाज कीटकसदृश जीव जिवाणूंकडे येतात आणि त्यांचे बीजकण अंगावर वाहून नेतात. २०२२ साली कॅनडातल्या अभ्यासकांनी दाखवले की सूत्रकृमी मात्र या वासापासून दूर पळतात. जिओस्मिन स्वतः विषारी नाही. पण ते बनवणारे जिवाणू विषारी असतात, आणि वास हा त्या विषाचा इशारा. ज्या सूत्रकृमींची गंध ओळखणारी चेतापेशी निकामी केली ते त्या जिवाणूंवर चरले आणि मेले. म्हणजे ज्या गंधाला आपण मायेचे, मुळांचे, घराच्या ओढीचे चिन्ह मानतो तो मूळात एकाला दिलेले आमंत्रण आणि दुसऱ्याला दिलेली ताकीद आहे. पत्र तिसऱ्याच्याच नावे आहे; आपण ते वाऱ्यावर वाचले. यामुळे कवितेचे काही बिघडते असे आम्हांला मुळीच वाटत नाही. उलट कविता शिकवताना हे सांगितले तर मृद्‌गंध हा शब्द अधिक दाट होतो. बिघडते ते समीक्षेचे, कारण 'मातीचा गंध' हे तिचे प्रमाणपत्र आहे आणि त्या प्रमाणपत्रावर माती फक्त माणसाशी बोलते असे गृहीत धरलेले आहे.

यावर एक आक्षेप येईल आणि तो आम्ही हलका मानत नाही. सांगोल्याच्या ज्या शेतकऱ्याची डाळिंबाची बाग मूळगाठीने आणि तिच्यामागून येणाऱ्या मर रोगाने वाळते आहे त्याला सूत्रकृमीची थोरवी सांगणे म्हणजे जखमेवर मीठ. त्याचे वैर खरे आहे. त्याने 'नायनाट' हा शब्द वापरला तर तो त्याचा अधिकार आहे. पण भाषेला शत्रू तेवढा ठाऊक असला की काय होते याचे उदाहरणही इतिहासात आहे. डायब्रोमोक्लोरोप्रोपेन हे सूत्रकृमिनाशक विसाव्या शतकाच्या मध्यापासून अमेरिकेत आणि मध्य अमेरिकेच्या केळीमळ्यांत सर्रास मातीत सोडले गेले. १९७७ साली कॅलिफोर्नियातल्या कारखान्यात ते तयार करणारे कामगार वंध्य झाल्याचे उघडकीस आले. १९७९ मध्ये अमेरिकेत त्यावर जवळजवळ पूर्ण बंदी आली. कोस्टा रिकासारख्या देशांतल्या मळ्यांवरच्या हजारो मजुरांनी वंध्यत्वाची किंमत मोजली. मातीत फक्त शत्रू आहे असे धरून चालले की मारण्यासाठी वापरलेली वस्तू आणखी कोणाला मारते हे पाहण्याची गरज वाटत नाही.

आणि शेतकऱ्याचा अनुभव समीक्षकापेक्षा नेहमीच गुंतागुंतीचा असतो. मूळगाठीवर उपाय म्हणून वांग्यात, टोमॅटोत झेंडू लावणे, निंबोळी पेंड देणे हे त्याला माहीत आहे; झेंडूच्या मुळांतली द्रव्ये या सूत्रकृमींना सोसत नाहीत. उसाच्या मुळ्या कुरतडणाऱ्या हुमणीवर सोडायला जे जैविक औषध मिळते त्यातही सूत्रकृमीच असतात. ते अळीच्या शरीरात शिरतात, आपल्या आतड्यात बाळगलेले जिवाणू तिथे सोडतात आणि ती दोनेक दिवसांत मरते. एकाच शिवारात एका सूत्रकृमीशी झुंज आणि दुसऱ्याशी सोयरीक असा हा संसार आहे. आमच्या ग्रामीण कादंबरीत भाऊबंदकी भरपूर आली. ही भाऊबंदकी अजून यायची आहे.

एक धोका आम्हांला दिसतो. ४६,००० वर्षांनी उठणारा जीव कळला की आपले कवी त्याचे लगेच प्रतीक करतील. तो चिवटपणाचे, दबलेल्यांच्या प्रतीक्षेचे, भाषेच्या पुनरुत्थानाचे प्रतीक होईल. कृपया थांबावे. मातीचे प्रतीक करून आपण मातीकडे पाहणे थांबवले. तेच सूत्रकृमीबाबत होऊ नये. स्कॉटनेमा चिवट नाही. तो त्या दरीपुरता घडलेला, नेमक्या कोरडेपणाला आणि नेमक्या मिठाला बांधलेला जीव आहे. गेल्या काही दशकांत तेथल्या हवामानात चढउतार झाले. २००१-०२ च्या असाधारण उबदार उन्हाळ्यात बर्फ वितळून दरीत पाणी आले. पाणी आले म्हणजे जीवन बहरले, असे आपण म्हणू. दीर्घ नोंदी मात्र सांगतात की स्कॉटनेमाची संख्या घटत गेली आणि ओल मानवणारा युडोरीलायमस पसरू लागला.

हा प्रश्न आपल्या दारातही आहे. सातबाऱ्यावर लागवडीला निरुपयोगी जमिनीसाठी 'पोटखराबा' असा शब्द आहे. महसूल ठरवण्यापुरता तो ठीक. पण तेथून 'पडीक', 'ओसाड', 'नापीक' ही विशेषणे बाहेर पडतात आणि गवताळ माळ, कोकणातले कातळसडे, खारजमिनी यांच्यावर बसतात. सरकारी नकाशांतही गवताळ प्रदेश 'पडीक' या रकान्यात पडलेले आहेत. मग त्या जागेवर काहीही केले तरी तिथे आधी काही नव्हतेच असे म्हणता येते. महसुली शब्द बदलणे आमच्या हातात नाही. ग्रामीण साहित्याच्या अभ्यासपत्रिकेत 'माती' हा घटक शिकवताना एक तास प्राणिशास्त्राच्या किंवा कृषिशास्त्राच्या सहकाऱ्याला बोलावणे मात्र हातात आहे. लागते ते एवढेच: गाळणीवर टिश्यू पेपर, त्यावर आवारातली मूठभर माती, खाली नरसाळ्याला लावलेली रबरी नळी आणि चिमटा, नरसाळ्यात माती भिजेल इतके पाणी, आणि एका रात्रीचा वेळ. सकाळी चिमटा सैल करून पहिले काही थेंब काचेच्या बशीत घ्यावेत आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवावेत. त्यानंतर विद्यार्थ्यांना हवा तो धडा उघडायला सांगावा.